थोरकात्लाची मजुरीवही

पणजीच्या नावातच ज्वालामुखी होता.
रेक्याविकच्या धक्क्यावर बायका तिला
नुसतं कात्ला म्हणत,
पण ती कधी भडकल्याचं कुणाला आठवत नाही.

तिची वही माझ्याकडे आहे. सन १९१८.
जानेवारी : बंदर गोठलं. काम नाही.
एप्रिल : मासे धुतले. आधी टबातला बर्फ फोडला.
पगार बाप्यांपेक्षा कमी. विचारलं. उत्तर नाही.

ऑक्टोबरात खरी कात्ला फुटली.
इतिहासाच्या पुस्तकात तिला चार पानं आहेत.
वहीत एवढंच :
वाळत घातलेली चादर काळी. पुन्हा धुतली.

मग बोटीतून ताप उतरला.
तिकडे युरोपात महायुद्ध थांबलं, त्या तारखेला
वहीत काही नाही.
आदल्या दिवशीही नाही.
एकोणीस दिवस नुसत्या छापील रेघा.

विसाव्या दिवशी :
बूट विकले, पुरुषाचे, एक जोडी.
टाचा अजून झिजल्या नव्हत्या.

पणजोबांबद्दल आमच्या घरात
याहून जास्त कुणी लिहिलेलं नाही.

एक डिसेंबरला देश सार्वभौम झाला.
झेंडा वर गेला. फोटोत गर्दी विरळ.
मी भिंग लावून बसलो :
शाल घेतलेली प्रत्येक बाई ती असू शकते,
नसेलही.
त्या रविवारी तिनं लिहिलंय :
कॉफी, पाव पौंड, उधार. वारा पडला.

आणि तळाशी, दुसऱ्याच पेन्सिलीनं,
वर्षाची बेरीज.

बरोबर आहे.
तीनदा करून पाहिली.