कळणं

एप्रिलात सावद्याचं घर म्हणजे चुलीवरचं खापर,
म्हणून सगळे गच्चीवर.
मधे कमरेएवढी भिंत.
पलीकडे चारूची बाज, बाळ तेवीस दिवसांचं.
अलीकडे मी, नि केळीच्या खोक्यात
सहा आठवड्यांचं पिल्लू,
कळण्याच्या पिठासारखं राखी,
म्हणून नाव कळणं.

रात्री तीनला दोघंही रडतात.
आधी कोण, ते ठरलेलं नसतं.
चारू पदराआड घेते
आणि तिच्या बाजूचं जग गप्प होतं.
माझ्याकडे बशी, जुना टॉवेल,
टॉवेलात गुंडाळलेलं घड्याळ.
टिकटिक आईच्या काळजासारखी वाटते म्हणे.
कळण्यानं घड्याळाचा पट्टा खाल्ला.

तिच्याकडे माणसं येतात
डिंकाचे लाडू, झबली, टोपरी घेऊन,
नाक कोणावर गेलंय यावर चहा होतो.
मला सासूबाईंचा फोन:
"काय वं, कुत्र्याचं बाळंतपण करतीस?"
पतपेढीत फेगडेसाहेबांनी विचारलं
रजेच्या अर्जावर कारण काय टाकू.
"घरी लहान आहे," मी लिहिलं.
खोटं नव्हतं.

एकदा चारूच्या आईनं बिबड्या घातल्या,
कळणं भिंत ओलांडून ओल्या बिबड्यांवरून चालत गेलं.
पंजे तसेच वाळले.
म्हातारी आठ दिवस बोलली नाही माझ्याशी.
नवव्या दिवशी बाळाचं पाऊल कुंकवात बुडवून
तिनं कागदावर उमटवलं
आणि फ्रेम करायला बाजारात पाठवलं.

त्यानं खाल्लेल्या वस्तू:
चपलेचा अंगठा, बाजेची सुतळी, एक पासबुक,
नवऱ्याची हिरवी झेंडी.
लाल तेवढी सोडली.
नवरा मालगाडीचा गार्ड, म्हणाला,
आता गाडी सुटायची कशी?
दारात उभा राहून बराच वेळ हसला,
मग खोक्याशेजारी तसाच झोपला, बूट न काढता.
बूट मी उचलून कपाटावर ठेवले.

"तुझं बरं, साखळी लावली की बाजारात जाता येतं,"
चारू म्हणाली.
"तुझं बरं, तुझं अजून चावत नाही."
"चावत नाही? ये, दाखवते."
अख्खी दुपार आम्ही भिंतीवर कोपरं टेकून
कोण जास्त दमलं यावर भांडलो.
दोघींचेही डोळे मिटत होते.

ऑक्टोबर.
कळणं आता 'बस' म्हटलं की बसतं.
चारूचं पोर उशीला टेकवलं तरी कलंडतं.
पाच-सहा महिन्यांत यानं बालपण उरकून टाकलं,
मला विचारलं नाही.
रात्रभर झोपतं, पोट वर करून, ढाराढूर.

मीच उठते तीनला.
गच्चीवर केळीच्या बागांकडून गार वारा,
दूर भुसावळच्या बाजूला गाडीचा भोंगा.
चारू जागीच.
"धर जरा," म्हणाली, "खाली जाऊन येते,"
आणि भिंतीवरून दिलं तिनं पोर,
भाजीची पिशवी द्यावी तसं.

मान धरायला मला कुणी शिकवलं नव्हतं.
हात आपोआप गेला.
किती जड असतं हे,
आणि पळून जात नाही.

त्यानं माझं बोट ओढून तोंडात घातलं.
बोटावर कळण्याच्या दुधाच्या दातांची खूण होती,
पांढरी पडलेली.
नेमकी तिथेच हिरडी दाबली.
खोक्यापाशी कळण्यानं एक डोळा उघडला,
बघितलं,
आणि मिटला.

चारू बराच वेळ आली नाही.
मी हाक मारली नाही.