देवीचा वण

कुंपणानंच शेत खाल्लं, मी म्हटलं.
डॉक्टर हारग्रीव्हना ते समजावून सांगावं लागलं:
राखणीला ठेवलेल्या पांढऱ्या पेशी,
त्याच माजल्या, तण झाल्या.
अगदी तसंच, त्या म्हणाल्या,
आणि शेत नांगरायची तारीख दिली.

शेफील्डच्या चढावर, वरच्या मजल्यावर
दोन दारांची खोली. दोन्ही एकदम उघडत नाहीत.
फुलं नकोत. द्राक्षं नकोत. नातवंडं काचेतून.
ग्लेनिस रोज सकाळी फळ्यावर आकडा लिही:
शून्य. शून्य. शून्य.
माझ्याच तोंडातले, आतड्यातले,
साठ वर्षं गुण्यागोविंदानं राहिलेले जंतू
हळूहळू घर बळकावू लागले.

मग पिशवी आली, टोमॅटोच्या साराइतकी लाल.
देणारा पुरुष, वय चोवीस. एवढंच सांगतात.
पाऊण तासात संपली.
दोन दिवस माझ्या श्वासाला
उकडलेल्या मक्याचा वास येत होता.

सतराव्या दिवशी शून्य पूर्णांक दोन.
ग्लेनिसनं त्या दोनला डोळे काढले.
कुणी पत्ता दिला नव्हता,
तरी तो पोरगा माझ्या हाडांत पोचला होता.

नवा राखणदार घरच्यांवरही भुंकतो.
तळवे लालभडक झाले.
दिगंबर म्हणाला, कुणाच्या लग्नाची मेंदी?
गोळ्या देऊन त्याला गप्प केलं. पोराला म्हणतेय मी.

पण त्याला माझं काहीच ठाऊक नाही.
बार्शीतला गोवर, खिडकीला लावलेली चादर,
उशाशी कडुलिंबाचा पाला,
गालगुंडावर आईनं बांधलेला मफलर:
मला सगळं आठवतं,
माझ्या रक्ताला काहीच नाही.

म्हणून आज मी बाळांच्या रांगेत.
शेजारी आर्लो, वय तीन महिने.
त्याच्या आईनं विचारलं, नातवाला आणलंत?
नाही, माझंच आहे. पहिलं.
आर्लोचं दुसरं. तो माझ्यापुढे.

नर्सनं बाही वर केली. हे काय, भाजलं होतं?
देवी टोचल्या होत्या, शाळेच्या व्हरांड्यात, मी म्हटलं.
तो रोग आता जगात नाही.
तिनं बोटानं हलकेच चाचपलं,
तिच्या पिढीच्या दंडांवर असलं काही नसतं.
पहारा उठला, चौकी तेवढी राहिली.

आर्लोनं ओठ काढला.
खिडकीत कबुतर होतं.
तोंडातून आपसूक गेलं, तो बघ काऊ.
आम्ही दोघांनी तिकडे पाहिलं,
आणि दोन्ही सुया गेल्या.