गाठी

चौऱ्याहत्तर साली हे पाइन मीच ठोकलं,
वार्निशही मीच पाजलं.
आता टुव्हाला हवीय पांढरी खोली.
पैसे तिचे, ब्रश माझा.

आधी सोड्याने धुतलं: पन्नास हिवाळ्यांची काजळी,
तळलेल्या कॉडचा वास,
इंग्वाल्डच्या पाइपचा पिवळा घाम.
मग सँडपेपर. चमक मेली की थांबायचं,
लाकूड उघडं पडेपर्यंत नाही.

टुव्हा म्हणते, झालं की. लावा ना रंग.
पोरी, गाठ नुसती झाकलीस
तर मार्चपर्यंत वर येईल,
चहाच्या डागासारखी.
म्हणून प्रत्येक गाठीवर लाख. दोनदा.

फळ्यांमधल्या खाचेत अरुंद ब्रश,
मग सपाटीवर रोलर, पातळ हात.
ओघळ ओला असतानाच पुसायचा;
वाळला की तो माझ्या भावासारखा,
हलत नाही.
फ्योर्डवर तीनलाच अंधारतं.
दुसरा हात उद्या.

आणि ऐक, वाळणं वेगळं, मुरणं वेगळं.
तीन आठवडे खुर्ची टेकवायची नाही.

शुक्रवारी खिडकीतला उजेड
भिंतभर फिरला, कुठेच अडखळला नाही.
चुलीमागची एक फळी मी तशीच ठेवलेली.
टुव्हाने पाहिली. बोलली नाही काही.
वाकून बोटाने गाठी मोजल्या फक्त:
नऊ.