कागदाचा पाय

उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी
हाडाची सुपारी आहे माझ्या.
डाव्याची लहान, बोराएवढी,
ती अजून बोलत नाही.

मायच्या पायालाही होती.
तिनं तर जन्मात चप्पल घातली नाही,
धानाच्या बांधीत अनवाणीच गेली सगळी.
मग तिला कशानं झाली, मी विचारलं.
डॉक्टरीण म्हणाली, वंशातच राहते काहींच्या.
बरोबर आहे.
एकदाणी थोरलीला गेली, गाय भावाकडे,
माझ्या वाट्याला ही सुपारी.

पंजा रुंद पाहा, म्हणाली, शिवण गाठीवर नको.
आणि संध्याकाळी घ्या, पाय सुजलेला असतो,
खरं माप तेव्हाच कळते.
आमच्या गावची शेवटची गाडी भिवापूरहून साडेचारला.
संध्याकाळ आणू कुठून?

म्हणून बाजाराच्या दिवशी सकाळीच गेली
आणि काही न घेता फिरत राहिली.
मिरचीच्या पोत्यांपाशी ठसका लागला,
भांडेवाल्याकडे एक गंज उचलला, ठेवून दिला,
बँकेच्या पायऱ्या उगाच दोनदा चढली.
गाडीच्या आधी पायाची संध्याकाळ करायची होती.
तीनला गाठ ठणकली.
म्हटलं, झाला तयार.

सलामतभाईच्या दुकानातला रूपेश
माझ्याच अंगणवाडीतला.
दोन वर्षांचा होता तेव्हा नऊ किलो दोनशे,
अजून आठवते.
"मॅडम, लेडीजमध्ये हे पाहा, लई चालून राहिलं."
सोनेरी पट्टा, पुढून निमुळती, चिमणीच्या चोचीसारखी.
सहा नंबर चावली,
सातात टाच पोहायला लागली.
"घालून घालून सैल होते न मॅडम."
होते, बाप्पा.
लग्नातली चप्पल सैल व्हायच्या आधी
मीच झाली होती.

मग पिशवीतून कागद काढला.
रात्री जुन्या वजनतक्त्यावर पाय ठेवून
पेन्सिल फिरवली, कैचीनं कापला.
पाठीमागे लेकरांची अर्धी अर्धी नावं राहिली.
गाठीपाशी असा फुगलेला,
जशी तलावाची पार एका जागी बाहेर येते.
"हा ज्याच्यात न मुडपता बसंल, ती दे."

मुडपला.
मुडपला.
काळ्या बुटात कोपरा दुमडला, तोही गाठीचाच.
सलामतभाई गल्ला सोडून आले,
चष्मा वर करून कागदाकडे पाहिलं,
माझ्या पायाकडे नाही.
बरं वाटलं.
वरच्या फळीवरून तपकिरी जोडी काढली, धूळ झटकली.
कागद आत सरळ झोपला.
"मॅडम, ते जेन्ट्स आहे," रूपेश कानाशी येऊन म्हणाला.
"पायाले काय माहीत," सलामतभाई म्हणाले.

बाहेर खडीवर चालून पाहिलं,
पानठेल्यापर्यंत आणि परत.
दोन माणसं पाहून राहिली होती. पाहू दे.
गाठ चुप होती.
चारशे ऐंशी सांगितले, चारशे तीसला दिली.
कागद उचलायला गेली तर म्हणाले,
राहू द्या ताई, नांदहून एक बाई येते,
तिच्या कामी पडंल.

फाट्यापासून गाव दीड किलोमीटर.
निंबाखाली मी रोज थांबते,
कोणी विचारलं तर मोबाईल पाहत असल्यासारखी.
आज निंब मागे पडला तेव्हा ध्यानात आलं.

सकाळी घरधनी रानातून आले,
दारात उभे राहून म्हणतात,
"आज पायाले लई सुख लागून राहिलं वो, काहून?"
खाली पाहिलं तर माझीच जोडी,
चिखलानं भरलेली.

मी काही बोलली नाही.
पोरांच्या चपलांवर नावं टाकायचा
अंगणवाडीचा मार्कर असतो माझ्याजवळ.
धुऊन वाळवली, आतल्या अंगाला
मोठ्या अक्षरात लिहिलं,
बेबीनंदा.
दोन्हीवर.