मोजदाद

फॉर्म घेऊन आलेल्या बाईंनी विचारलं,
किती मुलं सांभाळता?
मी म्हटलं, किती वाजता?

त्या हसल्या नाहीत. रकाना एवढासाच होता,
दोन आकडे दाटीवाटीनं बसतील असा.

साडेआठला कुरेकारांची ओवी येते. सात महिने.
तिला एक कसं लिहू?
एक ओवी माझ्या कडेवर असते,
आणि एक पाळण्यात,
जिचा श्वास मी गॅसपाशी उभी राहून ऐकते,
कुकरची शिट्टी व्हायच्या आत.

नऊला जुळे. अडीच वर्षांचे पोट्टे.
एक बाल्कनीकडे, एक बाथरूमकडे,
एकाच क्षणी, ठरवून.
रांगत होते तेव्हा कमी होते, बाई.
चालायला लागले आणि वाढले.

अन्वित चार वर्षांचा, म्हणजे अर्धा.
भिंतीशी बोलत बसतो, भिंत त्याला उत्तर देते.
भूक लागली की मात्र दोन.

साडेबाराला व्हॅन आलियाला सोडते. दुसरीतली.
आल्या आल्या पाळण्याची दोरी धरते,
जुळ्यांच्या नाकाला रुमाल लावते.
तिला वजा एक लिहावं असं कितीदा वाटलं.
पण सात वर्षांच्या पोरीला मी हात म्हणून मोजलं
तर ती पोर कुठं मोजायची?

आणि माझी मुग्धा, नववीत.
स्वतःची धरायची की नाही, बाईंनाही माहीत नव्हतं.
आतून मुग्धाच म्हणाली,
आई, मला मोजलं होतंस कधी?

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आठ होते.
मे महिना, मानेवाड्याचा हा तिसरा मजला,
गच्चीवर पापड नाही, चप्पल वाळत होती.
दुपारी खालच्या मीटरपेटीतून धूर निघाला.
दोन कडेवर, एक पाठीला ओढणीनं बांधलेला,
बाकीचे कुर्त्याची टोकं धरून.
खाली आले. मोजले.
सात.

परत कशी चढले ते पायांना विचारा.
तो कूलरच्या मागं झोपला होता,
ओल्या वाळ्याला गाल लावून,
गार.
हलवला तर चिडला, झोपमोड केली म्हणून.

काही झालं नाही. वायर जळाली, मिस्त्री आला,
दीडशे रुपये घेऊन गेला.
त्या रात्री मी पोळ्या केल्या आणि कोणाशी बोलले नाही.
दुसऱ्या दिवशी तिघांच्या आयांना सांगितलं,
दुसरीकडं बघा.
काहून म्हणून विचारलं त्यांनी.
जिना, म्हटलं.

एका खेपेत उतरतील तेवढेच.
दोन कडेवर, एक पाठीवर, दोन ओढणीला.

काल प्रज्ञा गजभिये आली होती,
मेडिकलमध्ये नर्स. बाळ चार महिन्यांचं,
रजा सोमवारी संपते.
एकच तर आहे, ताई.
मी नाही म्हटलं. ती उठली नाही.
पाणी दिलं, ते तिनं हळूहळू प्यायलं,
ग्लास रिकामा झाला तर जावं लागेल अशी.

रात्री सगळे झोपल्यावर
मी दळणाचा डबा कडेवर घेऊन जिना उतरले,
दुसऱ्या कडेला तांदळाची पिशवी,
पाठीला मुग्धाचं दप्तर.
बेचाळीस पायऱ्या.
सहावा कुठं धरू ते शोधत होते.
दातांत, असंही मनात येऊन गेलं.

पाच, मी बाईंना म्हटलं.
त्यांनी लिहिलं. रकान्यात जागा उरली.

त्या गेल्यावर कॅलेंडर उलटवलं.
बारा नोव्हेंबर, जुळे तीन वर्षांचे होतील,
कठडा धरून आपापले उतरतील.
त्या चौकोनात पेन्सिलनं
प्रज्ञाचा फोन नंबर लिहिला.

आज जून.
मधली पानं मी सोडून दिली,
एकेक करून, न बघता.