दुसरा पाय

हार्लेम. हिवाळा. कालव्यावर बर्फाची साय.
एव्हर्ट येतो तेव्हा आधी कुबडी ऐकू येते,
मग खोकला, मग तो.
उजवा पाय गुडघ्यापासून नाही.
कुठल्या वेढ्यात गेला ते दर वेळी वेगळं सांगतो.
धनी म्हणतात, सांगू दे,
फक्त हलू नको म्हणावं.

बसण्याची मजुरी दोन पाव आणि वाडगाभर सूप.
सूप मी आणते, पण समोर ठेवते, हातात देत नाही.
धन्यांना भुकेला चेहरा हवा असतो,
जेवलेला नको.

मेणाच्या काळ्या थरावर सुई फिरते.
राजे म्हणे तांब्यावर दानं कोरवून घेतात;
आमच्या तांब्यावर पसरलेला हात.
मग तेजाब. खिडक्या उघडून ठेवायच्या.
सुई गेली तिथंच ते चावतं,
बाकीचं तांबं सुखरूप, चकचकीत,
पलीकडच्या काठावरच्या घरांसारखं.

शाई पुसायचं काम माझं.
आधी फडक्यानं, शेवटी तळहातानं.
जास्त पुसलं तर माणूस फिका पडतो,
कमी पुसलं तर नुसता अंधार.
त्याच्या कोटाच्या भोकांत राहील
एवढीच ठेवते.
चाकाचा दांडा ओढताना माझा खांदा कुरकुरतो,
ते कुठं उमटत नाही.

पहिली प्रत एव्हर्टला दाखवली.
बराच वेळ बघत राहिला, मग बोळकं पसरून हसला:
"माख्टेल्ड, अगं, सापडला!"
छापात सगळं उलटं येतं.
उजवा पाय शाबूत, बुटासकट,
आणि डावा गेलेला.
"ह्याला म्हणावं, ये एकदा भेटायला.
दोघांत मिळून बुटांचा एक जोड पुरेल."

कागद त्यानं उजेडात धरला.
चिंध्यांचाच असतो कागद.
मागच्या उन्हाळ्यात चिंधीवाल्याला
त्यानं अंगातला सदरा विकला होता.
काही बोलला नाही, मीही नाही.
कड मात्र बोटांनी चाचपत राहिला,
कॉलर चाचपावी तशी.

"कितीला जातो हा?"
सहा स्टायव्हर, मी म्हटलं.
"बसून राहतो, खोकत नाही. असणारच महाग."

पुढच्या खेपेला सूप मी
वाफ निघत होती तेव्हाच त्याच्या हातात दिलं.
धनी सुईला धार लावत होते, पाठमोरे.
चित्र बिघडलं असेल थोडं.
त्याच्या गालांवर रंग आला होता,
तो तांब्यावर येत नाही.