पंचवीसास एक

नाटकातलं घर आधी माझ्या जेवणाच्या टेबलावर उभं राहतं.
एक फूट म्हणजे बारा मिलिमीटर आणि वर थोडंसं,
त्या थोड्याशात माझ्या रात्री जातात.

सावईवेऱ्याच्या देवळापुढचा रंगमंच चोवीस फूट रुंद,
माझ्याकडे तो एकोणतीस सेंटिमीटर,
लोणच्याच्या बरणीला टेकलेला.
चिऱ्याच्या भिंतींना पॉलिश पेपर,
त्यावर खऱ्या चिऱ्याची भुकटी,
कौलांना औषधांच्या खोक्यातला नागमोडी पुठ्ठा.
गोंद सुकेपर्यंत भिंत दोन बोटांनी धरून बसायचं.
नेमका तेव्हाच फोन वाजतो
आणि बायको तो माझ्या कानाला लावून
स्वतःच बोलते.

अडलं होतं ते खिडक्यांचं.
जुन्या घरांच्या तावदानांत शिंपल्या बसवत,
उजेड आत यायचा तो पाणी घातलेल्या दुधासारखा.
पंचवीसपट लहान शिंपली कुठून आणायची?
फोंड्याच्या बाजारात चोणक साफ होताना
एक खवला उडून माझ्या चष्म्यावर बसला
आणि सगळा बाजार मला त्यातून दिसला,
माणसं, टोपल्या, वरची ताडपत्री,
सगळं आत कुणीतरी राहत असल्यासारखं.
“मासो व्हर रे, निखटीं खवळां कित्याक?” ती हसली.
लाजेखातर चार बांगडे घेतले.
खवले लिंबानं धुतले, वहीत दाबले,
कात्रीनं चौकोनी केले, चौदा खिडक्या झाल्या.
त्या रात्री शेजारच्या बोक्यानं
घराची पूर्वेची बाजू खाल्ली.

मेस्त इनास आला दुरुस्तीनंतरच्या मंगळवारी.
त्याला रंगाशी देणंघेणं नाही, खिडक्यांशी नाही.
आगपेटीतली काडी मोडून त्यानं पायरीला लावली.
“सात मिलिमीटर. म्हणजे फळी सात इंचांवर.
पद्मिनीबायची ढोपरं पाहिलीस तू?”

नव्हती पाहिली.
मी तिला कापली होती साडेसहा सेंटिमीटरची,
खरं तर कापलीही नव्हती,
आठ नाटकं तोच एक पुठ्ठ्याचा माणूस वापरतोय,
कधी सावकार, कधी नवरी,
कडा मळल्या, एक हात बोक्याआधीच गेला.
पुठ्ठ्याला ढोपर नसतं.

पाचाच्या सात पायऱ्या झाल्या, प्रत्येकी पाच मिलिमीटर.
जिना दीड फूट पुढे आला.
म्हणून बाकडं सरकलं, बाकड्यामुळे कंदील,
कंदिलामुळे धाकट्या भावानं
आता दुसऱ्या दारातून यायचं.
रोहिदास सर वैतागले.
शेवटच्या प्रवेशात ती किल्ल्या घेऊन वर जाते,
पाच पायऱ्या, पाच वाक्यं, बसवलेलं सगळं.
“वरच्या दोन पायऱ्यांवर ती बोलणार काय?”
पद्मिनीबाय कोपऱ्यात चहात उंडो बुडवत होती.
“कायच ना,” म्हणाली, “दम खाईन.”

प्रयोगाच्या रात्री मी मंडपात अगदी मागे बसलो,
चणेवाल्याच्या गॅसबत्तीपाशी.
तिथून एक डोळा मिटला की घर
बरोबर माझ्या टेबलावरच्याएवढं होतं.
खरे खवले नव्हते आता,
मेणकागद होता, मागे साठचा बल्ब,
तरी मला वास आला.
ती पहिल्या पायरीवर चढली, वाक्य बोलली.
दुसऱ्या. तिसऱ्या.
पाचवीवर शब्द संपले.
सहावीवर तिनं कठड्याला हात लावला,
कठडा किंचित हलला, तो माझा दोष,
आणि ती थांबली.
किल्ल्यांचा आवाजही नाही.
पुढच्या रांगेतलं रडणारं पोर
कुणी न दटावता गप्प झालं.

माझ्या शेजारी मेस्त इनास
ओठांतल्या ओठांत मोजत होता.
सात म्हणाला,
आणि मग चणे मागायला वळला.